मुंबई-न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा दोन

प्रश्न : मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ का लागतो?

उत्तर : दोन्ही विमानतळांतले सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ते सपाट नकाशावर नव्हे, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर हा मार्ग उत्तरेकडे किती झुकतो ते लगेच दिसते.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरचा वेगही ओलांडतात. जाताना ते समोरून येतात, म्हणून सुमारे १६ तास. येताना पाठीशी असतात, म्हणून १४ ते १५.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. घ्यायला येणाऱ्यांना वेळेबरोबर तारीखही कळवावी.