🪱 गांडुळं माशांसाठी विकताय? आधी जात ओळखा, मग बेड तपासा 🐟



आजचा पाठ गांडूळखताचे बेड असणाऱ्यांसाठी आहे. शहरात ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न असे मोठे शिकारी मासे काचेच्या टाकीत पाळणारे लोक जिवंत गांडुळांचं गिऱ्हाईक असतात. वळवळणारं खाद्य दिसलं की हे मासे झडप घालतात. गांडूळ वाळवलं तर त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं भरतात. जिवंत गांडुळात मात्र ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं.

पण लक्षात घ्या, खताचं प्रत्येक गांडूळ माशाला चालत नाही. अरोवानासारखा मासा हजारोंच्या घरात जातो. आपल्या गांडुळांनी तो दगावला, तर दुकानदार पुन्हा आपल्या कुणाचाच माल घेणार नाही.

*१) जात ओळखा*
आपल्याकडे खतासाठी मुख्यतः दोन जाती वापरतात.

🔸 *आयसेनिया फेटिडा* – लालसर, अंगावर पिवळट पट्टे, लांबी साधारण ३-४ इंच. डिवचलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. त्या द्रवात पेशींना घातक प्रथिनं असतात. बरेच मासे हे गांडूळ तोंडात घेऊन लगेच थुंकतात. *खताला एक नंबर, पण माशांसाठी विकू नका.*

🔸 *युड्रिलस युजेनी* – जांभळट-तपकिरी, उन्हात निळसर चमक, पट्टे नाहीत, लांबी ६ इंचांच्या पुढेही जाते. वास नाही, अंगाने भरलेलं. *माशांसाठी हेच द्या.*

ओळख पटत नसेल तर गांडूळ तळहातावर घेऊन बोटाने हलकंच दाबा. पिवळा द्रव आणि घाण वास आला की ते बाजूला. बेडमध्ये दोन्ही जाती मिसळल्या असतील तर त्यातून विक्री करू नका. युड्रिलसचा एक छोटा बेड वेगळाच लावा.

*२) बेडमध्ये काय गेलंय ते आठवा*
गांडूळ जे खातं ते माशाच्या पोटात जातं.
❌ जनावराला जंताचं औषध किंवा गोचिडाचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते शेण निदान महिनाभर या बेडला नको. औषधाचा अंश शेणातून बाहेर पडत राहतो.
❌ फवारणी झालेल्या पिकाचा पाला, भाजी मंडईतला कचरा नको.
❌ शेतातून, बांधावरून, गटाराकडेची गांडुळं खणून विकायची नाहीत. तिथं काय मुरलंय ते आपल्याला दिसत नाही.

*३) पोट रिकामं करा*
बेडमधून काढलेल्या गांडुळाचं पोट शेणमातीने भरलेलं असतं. ती घाण टाकीचं पाणी खराब करते. म्हणून विक्रीच्या आदल्या दिवशी गांडुळं स्वच्छ टबात, ओल्या गोणपाटावर २४ तास सावलीत ठेवा. वर झाकण पाहिजे, नाहीतर रात्रीत पळतात. मग साध्या पाण्याने धुऊन घ्या आणि मेलेली, मऊ पडलेली वेचून टाका.

*४) पॅकिंग*
भोकं पाडलेला डबा, त्यात धुतलेलं ओलं कोकोपीट. मूठ दाबली तर पाणी गळता कामा नये. डबा उन्हात ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. युड्रिलस उष्ण भागातलं आहे, गारठ्याने मरतं.

*५) गिऱ्हाइकाला हे सांगाच*
✅ आठवड्यातून २-३ वेळाच. रोजचं खाद्य गोळीचंच ठेवायचं.
✅ पहिल्या दिवशी एकच गांडूळ देऊन बघायचं.
✅ माशाच्या तोंडाच्या मानाने तुकडे करायचे.
✅ २-३ मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. उरलेलं लगेच काढायचं. बुडून मेलेलं गांडूळ सडतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासा त्यानेच मरतो. दोष मात्र गांडुळावर येतो!
✅ अरोवाना वरच्या पाण्यातलं खातो, तळाला गेलेलं सहसा उचलत नाही. त्याला चिमट्याने एकेक द्यायचं.

*६) बेड मोडून विक्री नको*
गळ्याजवळ जाड पट्टा दिसणारी गांडुळं वयात आलेली असतात. तीच अंडकोष घालतात. मोठी म्हणून सगळी तीच वेचलीत, तर काही दिवसांनी खतही निघणार नाही आणि गांडुळंही. एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. खत हा आपला मुख्य धंदा, गांडूळविक्री ही वरकड कमाई.

📸 जातीबद्दल शंका असेल तर दिवसाच्या उजेडात, पट्टीशेजारी ठेवून गांडुळाचा फोटो काढा आणि याच नंबरवर पाठवा. खात्री झाल्याशिवाय पहिला डबा देऊ नका.

🙏 हा मेसेज आपल्या गटातल्या गांडूळखत करणाऱ्या सभासदांना पुढे पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी