आदिकाळचा दगड

मंडळी, आज एक अवघड शब्द वाचू. आर्-कि-यन. आर्कियन. घाबरू नका. शब्द परका आहे, पण अर्थ ओळखीचा आहे. ग्रीक भाषेत 'आर्खे' म्हणजे आरंभ. आपण 'आदि' म्हणतो ना, तेच ते.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. शास्त्रज्ञांनी या काळाचे मोठमोठे भाग पाडले. ४०० कोटी वर्षांपूर्वीपासून २५० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचा भाग, तो आर्कियन. हे नाव अमेरिकेतील डाना या शास्त्रज्ञाने १८७२ साली सुचवले. त्या काळी झाड नव्हते, जनावर नव्हते. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तेवढे पाण्यात होते.

मग आपल्या घोडबंदरच्या टेकडीचा काळा दगड त्या काळचा का? आम्हालाही तसेच वाटे. 'डोंगर आदिकाळचे,' असे आम्ही वर्गात सांगतही होतो. पुढे वाचले, तेव्हा चूक कळली. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. खरा आदिकाळचा दगड पाहायचा तर पार गडचिरोलीकडे जावे लागते.

पण साडेसहा कोटी वर्षे म्हणजे काय थोडी झाली? सुरुंग लावला की क्षणात त्याची खडी होते. फोडलेला डोंगर पुन्हा उगवत नाही, बरं का!

सांगा पाहू :
१. 'आर्खे' म्हणजे काय?
२. आपला काळा दगड कशाचा झाला?
३. 'आदि' ज्यात आहे असे दोन शब्द लिहा. जसे, आदिवासी.