चाकाआधीचं शिकव

अगं, शहरातल्या मातीकामाच्या वर्गाने शिकवायला बोलावलं म्हणून तू हरखलीस, आणि दुसऱ्याच दमात म्हणालीस, "पण ताई, चाकावर तर आमच्यात गडीमाणसंच बसतात. मी काय शिकवणार?" बस जरा. चहा घे, आणि मग हे नीट बोलू.

आपल्याकडे बहुतेक कुंभारघरांत रीत अशीच चालत आली. चाक पुरुषाचं, बाकीचं बाईचं. आता ते 'बाकीचं' मोजून बघ. माती वाळवायची, फोडायची, खडे वेचायचे, चाळायची, भिजत घालायची, राख-लीद मिसळून तुडवायची. घडलेलं मडकं सावलीत फिरवून फिरवून वाळवायचं, गेरू द्यायचा, आवा रचताना हाताशी उभं राहायचं आणि शेवटी बाजारात बसून गिऱ्हाइकाशी घासाघीसही करायची. एका मडक्यामागे चाकावरची वेळ असते काही मिनिटांची. दिवस जातात ते तुझ्याकडच्या कामात.

वर्गात येणारी मंडळी मात्र थेट चाकाकडे धावतात. त्यांच्यापुढे पिशवीतून आलेली तयार माती असते. ती अशी मऊ कशाने झाली, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तू तिथून सुरुवात कर. तुझ्या पिशोर गावाहून निघताना अंजना नदीकाठचा थोडा गाळ आणि रानातली थोडी काळी माती बरोबर ने. दोन्हींच्या वड्या थापायला लाव आणि वाळू दे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. गाळाची वडी कशी वाळते, ते शेजारीच दिसेल. नुसत्या काळ्या मातीचं भांडं का टिकत नाही, हे मग तुला तोंडाने सांगावं लागणार नाही.

मग लिदीचं सांग. नाक मुरडतील, मुरडू दे. लीद आव्यात जळून जाते, मागे बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ गार. त्याच माठाला बाहेरून चकचकीत झिलई चढवली, तर दिसेल देखणा, पण पाणी काही गार करणार नाही. आणि भांडं वरून वाळलेलं दिसलं तरी आत ओल असेल, तर जाळ वाढल्याबरोबर वाफ त्याला फोडते. म्हणून पहिला जाळ मंद. यातलं काय तुला नवीन आहे, सांग बरं?

तरी चाक शीक, हेही सांगते. आपल्यात बसत नाहीत म्हणून सोडू नकोस. काठीने फिरवायचं जड चाक आता फारसं राहिलं नाही, विजेचं आलंय. घरी सासरे शिकवतील तर सोन्याहून पिवळं. नाहीतर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1955 मध्ये उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. बेळगावकडे खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही आहे. चौकशी कर. शिकवणाऱ्याने शिकत राहण्यात कमीपणा नसतो.

गोरोबाकाकांची गोष्ट तुला पाठ आहे. थापटणं घेऊन त्यांनी एकेका संताचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. आपण तिथेच थांबून हसतो. पुढचं बघ ना. पक्कं व्हायला नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावं लागलं. म्हणजे पारखणारा एक झाला, शिकवणारा दुसरा. वर्गात तुला दोन्ही व्हायचंय. कुणाचं भांडं चाकावर बसकण मारेल. ते कच्चं आहे हे त्या पोरीलाही दिसत असतंच. माती जास्त ओली होती, की मधोमध बसली नव्हती, की हात घाईत वर ओढला, ते सांग. आपल्या घरात कुणी असं बोलून शिकवलं नाही, बघून बघून हात बसला. पण तिच्याकडे आठवड्यातले दोनच तास आहेत. तिला शब्द लागतात.

आता नावाचं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1870च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी मातीकाम सुरू केलं. झिलईचं तंत्र सिंधच्या कुंभारांचं, भांड्यांवरच्या चित्रांत आपलं अजिंठा. टेरींचं नाव पुस्तकात सहज सापडतं. चाकावरच्या हातांची नावं शोधत बसावी लागतात. म्हणून वर्गाच्या पत्रकावर 'स्थानिक कारागीर' असं काही छापू देऊ नकोस. पूर्ण नाव, गाव पिशोर, आणि पुढे 'शिक्षिका'. हे आधीच सांगायचं असतं, छापून झाल्यावर नाही.

तारखाही तूच ठरव. संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्यातले माठ, पोळ्याचे बैल, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, हे घरचं गणित मोडून वर्ग घेऊ नकोस. पावसात आवा पेटत नाही, घरात पैसा येत नाही. ते आठवडे वर्गाला दे.

आणखी एक. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून 3 लाखांपर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजाने. पण एका कुटुंबातून एकाचीच नोंद होते. तेव्हा दादल्याचं नाव घालायचं की तुझं, हे घरात बसून बोला. 'त्याचंच असतं' म्हणून आपोआप जाऊ देऊ नकोस. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कुणाला जास्त कामाला येणार आहे, ते बघा.

राहिलं मानधन. तासाचे पैसे वेगळे, येण्याजाण्याचं भाडं वेगळं आणि तू नेलेल्या मातीचे पैसे वेगळे. माती फुकट असते असं त्यांना वाटतं, कारण खणून, चाळून, तुडवून आणणारी बाई त्यांनी पाहिलेली नसते. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" हे वाक्य तर तोंडातूनसुद्धा काढू नकोस. आकडा आजच कागदावर लिही, आणि विचारलं की नजर वर ठेवून सांग.