ज्यांना मैदान दिसत नाही त्यांच्यासाठी

गेल्या सत्रात मला कांजिण्या झाल्या आणि मी दहा दिवस एमआय रूममध्ये होतो. त्याच आठवड्यात आंतर-हाऊस फुटबॉलचा अंतिम सामना होता. मैदान अगदी जवळ, पण मध्ये भिंत. गोल झाला की आरडाओरडा ऐकू येई, पण गोल कोणी केला ते समजत नसे. माझी तगमग चालली होती. शेवटी आठवीतला एक ज्युनिअर खिडकीखाली येऊन ओरडला, "सर, एक-एक! आता पेनल्टी आपल्याला!" सामना संपेपर्यंत तो धावत जाऊन बघत होता आणि धावत येऊन सांगत होता.

बरा झाल्यावर मी वाचन केले, तेव्हा कळले की हेच काम जगात शंभर वर्षांपासून चालू आहे. त्याला हॉस्पिटल रेडिओ म्हणतात.

त्याची सुरुवात सैनिकांपासून झाली. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तरी अनेक जखमी जवान रुग्णालयातच होते. १९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांच्या करमणुकीसाठी रेडिओची सोय झाली. ब्रिटनमध्ये १९२५ साली यॉर्क काउंटी हॉस्पिटलात हेडफोन आणि लाउडस्पीकर बसले. त्यांवर चर्चमधील प्रार्थना आणि खेळांचे समालोचन ऐकू येई.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हे काम वाढले, ते मुख्यतः फुटबॉलमुळे. यात 'टॉक एच' या संस्थेच्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. तिचे मूळही लष्करी आहे. १९१५ मध्ये बेल्जियममधील पोपरिंग गावी सैनिकांसाठी टॅलबट हाऊस नावाचे विश्रामगृह सुरू झाले. तेव्हाच्या सिग्नलर्सच्या भाषेत 'टी' अक्षराला 'टॉक' म्हणत, म्हणून टॅलबट हाऊसचे झाले टॉक एच.

समालोचक मैदानात बसून बोलत आणि आवाज टेलिफोनच्या तारेने रुग्णालयात जाई. पुढे स्टुडिओ उभे राहिले. तेथूनही तार थेट खाटेपर्यंत जात असे आणि रुग्ण हेडफोन लावून ऐकत. त्यामुळे शेजारच्याची झोप मोडत नसे. काम करणारे सगळे बिनपगारी. दिवसा आपली नोकरी करायची आणि संध्याकाळी वॉर्डात फिरून फर्माइशी लिहून घ्यायच्या. मग रुग्णाचे नाव घेऊन त्याचे गाणे लावायचे.

आपल्याकडे विविध भारतीवर फौजी भावांसाठी 'जयमाला' कार्यक्रम लागतो, तो घरी अनेकांनी ऐकला असेल. तेथे जवानाची फर्माइश दूरवरून येते. येथे फर्माइश विचारायला माणूस खाटेपाशी येतो. मला वाटते, अर्धे काम तेथेच होते. ज्याच्याकडे दिवसभर कोणी आले नाही, त्याच्याशी दोन शब्द बोलले जातात.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग याची गरज काय? २०२० मध्ये कोरोनामुळे रुग्णांना भेटायला जाण्यावर बंदी आली, तेव्हा कित्येक स्वयंसेवकांनी आपल्या घरून कार्यक्रम चालू ठेवले. मोबाइलवर गाणी हवी तेवढी मिळतात, पण आपले नाव घेणारा माणूस त्यात नसतो.

यातून मी समालोचनाचे तीन नियम काढले आहेत. पहिला, गुणसंख्या आणि उरलेला वेळ पुन्हा पुन्हा सांगा, कारण ऐकणारा मध्येच जागा झालेला असू शकतो. दुसरा, चेंडू कोणाकडे आणि कोणत्या बाजूला आहे ते सांगा, नुसते "वा, काय शॉट!" म्हणू नका. तिसरा, ऐकणारा एकच असला तरी शेवटपर्यंत बोला.

या सत्रातील अंतिम सामन्याचे समालोचन इंटरकॉमवरून एमआय रूममध्ये ऐकवायला मेडिकल ऑफिसर सरांनी परवानगी दिली आहे. समालोचक हवे आहेत. इच्छुकांनी माझ्याकडे नाव द्यावे. पहिले नाव मी त्या ज्युनिअरचे लिहिले आहे.