गळा कसाही असो, सगळ्यांनी गावं

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. अश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. वाचन, वंदना झाली की एखादी आजी गाणं काढते आणि बाकीच्या तिच्यामागे म्हणतात. या अर्ध्या तासाचा आपल्या तब्येतीशी काय संबंध आहे, ते आज समजून घेऊ.

श्वास : गाताना आपण श्वास पटकन घेतो आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू सोडतो. श्वास असा लांबवर सोडला की हृदयाचे ठोके थोडे संथ होतात आणि आवळलेलं अंग सैल पडतं.

मन : कापूस वेचून, ऊस तोडून किंवा चार घरची भांडी घासून आलेल्या बाईला मनातलं बोलायला जागा नसते. आपल्या आज्या ते जात्यावर बोलायच्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, 1996 साली बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आणि अभ्यासकांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या. जातं गेलं, पण मन मोकळं करायची गरज काही गेली नाही.

जवळीक : ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2015 साली एक तुलना प्रसिद्ध केली. काही नवखी माणसं गाण्याच्या वर्गात होती, काही हस्तकलेच्या, तर काही लेखनाच्या. सात महिन्यांनी जवळीक सगळ्याच वर्गांत झाली, पण गाणाऱ्यांची सर्वांत लवकर. वस्तीत नव्यानं आलेल्या सुनेला किंवा एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला गाण्याला बोलवा, ते यासाठीच.

‘मला गाता येत नाही,’ असं म्हणू नका. देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) मोठेपणी अक्षरं शिकले, तरी त्यांची गाणी गावोगाव पोचली. ज्यांना गायचं नाही, त्यांनी टाळी धरावी.

मात्र डीजेपुढे उभं राहणं म्हणजे गाणं नव्हे. तिथे आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही आणि कानाला मात्र इजा होते. नंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो इशारा समजा. जयंतीला एक संध्याकाळ तरी ढोलकी-टाळीची ठेवा. लहान लेकरांना भोंग्यांपासून लांब ठेवा.

एवढं लक्षात ठेवा :

• खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात.

• आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये.

• गाण्याआधी पाणी प्या. ओरडून गाऊ नका.

• गाणं हे औषधाला पर्याय नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.

येत्या पौर्णिमेला विहारात जाल, तेव्हा शेजारच्या घराचं दारही वाजवा. जयभीम!