मुलांच्या खेळात पालकांचा वाटा

एका नमाजमध्ये आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सजदा पुष्कळ लांबला. मागील सहाबांना शंका आली, काही अघटित तर घडले नाही ना? की वह्य अवतरत आहे? नमाजनंतर आपण (स.) खुलासा केला, तो इतकाच की नातू पाठीवर बसला होता आणि त्याचे मन भरण्याआधी त्याला उतरवणे योग्य वाटले नाही. नसाई यांच्या हदीससंग्रहात ही घटना नोंदलेली आहे.

जिथे सजदा मुलासाठी लांबला, तिथे आपला व्यवहार किती वेळ थांबतो?

या संदर्भात आणखी दोन घटना विचारात घेण्यासारख्या आहेत. सहीह बुखारीतील नोंदीनुसार, अस्लम कबिल्याचे काही लोक तिरंदाजीची स्पर्धा करत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना प्रोत्साहन दिले व आपण एका गटाच्या बाजूने असल्याचे सांगितले. तेव्हा दुसऱ्या गटाने हात आवरले. मग आपण (स.) सर्वांच्याच बाजूने असल्याचे जाहीर केले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. वडीलधाऱ्याचा कल खेळणाऱ्यांच्या मनावर किती परिणाम करतो, हे यातून उमगते. जिंकणाऱ्या लेकराचेच कौतुक झाले की हरणारे मनातून खेळ सोडून देते.

दुसरी घटना माननीय रुबय्यि बिन्ते मुअव्विज (रजि.) सांगतात. आशूराच्या दिवशी मुले रोजा धरत. भुकेने कोणी रडू लागले, तर त्याला लोकरीचे खेळणे दिले जाई व इफ्तारपर्यंत त्याचे मन रमे. ती खेळणी मोठ्यांनी स्वतः तयार केलेली होती.

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मकतबमध्ये मी इतरांच्या मुलांना रोज शिकवतो. एकदा माझ्या मुलीने विचारले, "अब्बा, मी पण मकतबमध्ये आले तर तुम्ही माझ्याशी बोलाल?" त्या रात्री मला उत्तर सुचले नाही.

म्हणून एक विनंती आहे. प्रत्येक मोहल्ल्याने महिन्यातून एका रविवारी, असरनंतर मगरिबपर्यंत, पालक व लहान मुलांचा सामूहिक खेळ ठेवावा. लगोरी, लंगडी, लिंबू-चमचा यांना खर्च लागत नाही. मातांसाठी स्वतंत्र व सोयीची जागा असावी. मोबाइल एका पिशवीत जमा करावेत. पालकाने खुर्चीवर बसून पाहू नये. धावावे, हरावे, हसावे. पैज लावू नये आणि कोणाची टिंगल होऊ देऊ नये. दिव्य कुरआनने दोन्हींपासून रोखले आहे.

ज्यांचे वडील आखातात नोकरीला आहेत किंवा या जगात नाहीत, त्या मुलांचा हात कोणी धरायचा, हे आधीच ठरवावे. मामा, चाचा, आजोबा अथवा शेजारी, कोणीही चालेल. मात्र एकही मूल कडेला उभे राहू नये.

अक्रा बिन हाबिस यांनी आपल्या दहा मुलांपैकी एकाचेही कधी चुंबन घेतले नव्हते. त्यांना प्रेषितांनी (स.) बजावले की जो दया करत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही. ही ताकीद त्यांच्यापुरती नव्हती.

अल्लाह आपल्याला आपल्या लेकरांसाठी वेळ काढण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.