यकृतातील वण आणि इंटरफेरॉन

पानिपत हे नाव मराठी वाचकास रणभूमी म्हणूनच ठाऊक असते. आजचे पानिपत मात्र हातमाग, गालिचे आणि लोकरी ब्लँकेटे यांचे, दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर वसलेले कारखानदारीचे शहर आहे. यमुना त्याच्या पूर्वेकडून वाहत पुढे दिल्लीस जाते. या नदीकाठी काविळीचा विषय निघाला की प्रथम पाण्याचाच संशय घेतला जावा, यात नवल नाही. १९५५ च्या अखेरीस वझिराबाद येथे दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. ती साथ ‘ई’ विषाणूची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

अशी कावीळ, गर्भवतीस असलेला मोठा धोका सोडल्यास, बहुधा काही आठवड्यांत ओसरते आणि यकृत पूर्ववत होते. रक्तावाटे शिरणाऱ्या ‘बी’ आणि ‘सी’ या विषाणूंची गोष्ट निराळी. ‘सी’ची लागण झालेल्या दहांपैकी सुमारे सात जणांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम ठोकतो. हरयाणा आणि पंजाब या भागांत त्याचा प्रसार मुख्यतः न उकळता पुन्हा वापरलेल्या सुया आणि न तपासलेले रक्त यांच्यामार्फत झाला. अशा रुग्णाचे डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही. कामावर जाणारा मनुष्य कामावर जात राहतो. रोगाचा खरा लेखाजोखा लिहिला जात असतो तो यकृताच्या ऊतीत.

ही ऊती पाहण्यासाठी बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा बारीक धागा काढतात. या जीवोतक परीक्षेची झटपट पद्धत इटालियन वैद्य मेंघिनी यांनी १९५८ मध्ये रूढ केली. सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहते. निरोगी यकृतात पेशींच्या ओळी शिस्तीने मांडलेल्या दिसतात. जीर्ण यकृतशोथात प्रवेशिका नीलेच्या शाखांभोवती लसिका पेशींची गर्दी होते आणि ती कडेच्या यकृतपेशी कुरतडू लागते. ‘बी’च्या रुग्णात काही पेशी दुधी काचेसारख्या धूसर दिसतात. ‘सी’च्या रुग्णात, विशेषतः उत्तर भारतात अधिक आढळणाऱ्या त्याच्या तिसऱ्या जनुकीय प्रकारात, पेशींमध्ये चरबीचे थेंब साठतात. ही चरबी नेहमीच खाण्यापिण्यातून येते असे नाही. विषाणू स्वतःच ती साठवायला लावतो.

पेशी मरतात तेथे वण धरतो. यकृतातील तारकाकृती पेशी एरवी जीवनसत्त्व ‘अ’ साठवून स्वस्थ असतात. सततच्या दाहाने चेतवल्या गेल्या की त्या कोलॅजनाचे तंतू विणू लागतात. प्रथम शाखांभोवती तंतूंचे कडे पडते, मग एका शाखेपासून दुसरीपर्यंत पूल बांधले जातात आणि अखेरीस सगळे यकृत गाठींत विभागले जाते. हीच सिऱ्होसिसची अवस्था. पिंगट रंगाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव १८१९ मध्ये फ्रेंच वैद्य लॅनेक यांनी दिले. या अवस्थेतून परतीची वाट नाही, असे वैद्यकाचे ग्रंथ दीर्घकाळ सांगत आले. इंटरफेरॉनच्या उपचाराने या मताला तडा दिला, आणि तो कसा दिला हे नीट पाहण्यासारखे आहे.

१९५७ मध्ये लंडन येथे आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना असे आढळले की, निष्क्रिय केलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूच्या संपर्कात आलेल्या कोंबडीच्या अंड्यातील पेशी एक द्रव्य स्रवतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशींत विषाणूला वाढता येत नाही. विषाणूच्या कामात अडथळा आणणारे म्हणून ते इंटरफेरॉन. पुढे जनुकीय तंत्राने ते जंतूंकडून बनवून घेता येऊ लागले. अमेरिकेत हूफनागल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांना ते दिल्याचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या रोगाला तेव्हा ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढेच नाव होते, कारण ‘सी’ विषाणू सापडला १९८९ मध्ये. शत्रूचे नावही ठाऊक नसताना आठ जणांच्या रक्तातील यकृताची विकरे उतरली आणि वर्षभरानंतर ज्यांची ऊती तपासली त्या तिघांच्या यकृतात ठळक सुधारणा दिसली.

पुढे रिबाव्हिरिनची जोड मिळाली आणि आठवड्यातून एकदाच टोचायचे दीर्घप्रभावी इंटरफेरॉनही आले. तिसऱ्या जनुकीय प्रकाराच्या रुग्णाला २४ आठवडे, पहिल्या प्रकाराच्या रुग्णाला ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, रक्तक्षय, खिन्नता हे सारे सोसायचे, आणि औषध मात्र थंड पेटीत जपायचे. खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. पानिपतच्या विणकराला दिल्ली, रोहतक किंवा चंदीगढची वाट वारंवार धरणे म्हणजे प्रत्येक वेळी मजुरी बुडविणे होते.

वण मागे हटतो काय, या प्रश्नाला २००२ मध्ये पॉयनार्ड यांनी मोठे उत्तर दिले. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर ३,०१० रुग्णांच्या ऊतींची तुलना त्यांनी केली. आरंभी सिऱ्होसिस असलेल्या १५३ जणांपैकी ७५ जणांत नंतर ती अवस्था दिसली नाही. सुईने मिळणारा धागा यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग असल्याने काही आकडे नशिबाचे असतील. तरी सगळेच तसे म्हणता येणार नाहीत.

मग इंटरफेरॉन वण विरघळवते काय? तसे असते तर विषाणू न गेलेल्या रुग्णालाही ते देत राहणे हिताचे ठरले असते. हा प्रयोगही झाला. अमेरिकेत अशा १,०५० रुग्णांपैकी निम्म्यांना साडेतीन वर्षे कमी मात्रेत औषध दिले, निम्म्यांना दिले नाही. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोग बळावलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ३४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. वण मागे हटतो तो विषाणू गेल्यामुळे. चिथावणी थांबली की तारकाकृती पेशी शांत होतात किंवा मरतात, आणि भक्षक पेशींची विकरे जुने तंतू हळूहळू पचवतात. तिसऱ्या प्रकारातील विषाणूजन्य चरबीही विषाणूबरोबर ओसरते.

‘बी’ पेशीच्या केंद्रकात दडून बसतो, त्यामुळे तो समूळ जाणे दुर्मीळ. तरी त्याला नुसते दाबून ठेवले तरी पुरते. टेनोफोव्हिर पाच वर्षे घेतलेल्या, सिऱ्होसिस असलेल्या ९६ रुग्णांपैकी ७१ जणांच्या ऊतीत ती अवस्था उरली नव्हती, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘सी’साठी आता इंटरफेरॉनची गरज उरलेली नाही. सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीच्या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे पुरतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळू लागली. सुईची जागा बहुतांशी रक्ताच्या साध्या चाचण्यांवरून काढलेल्या अंकांनी आणि यकृताचा कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राने घेतली आहे. एक गंमत अशी की, इंटरफेरॉनला तुलनेने सहज वश होणारा तिसरा प्रकारच या नव्या गोळ्यांना थोडा अधिक चिवट ठरला.

तथापि, ज्याच्या यकृतात गाठी एकदा झाल्या होत्या त्याने विषाणू गेल्याचा कागद हाती पडला म्हणून रुग्णालयाकडे पाठ फिरवू नये. कर्करोगाचा धोका कमी होतो, पण संपत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावीच लागते.